पांढरा दाणा

इ. स. पू. ४०६ मधली गोष्ट. अथेन्सच्या प्निक्स टेकडीवर जनसभा भरली होती आणि सहा सेनापतींच्या जिवाचा फैसला व्हायचा होता. हे सेनापती हरून आलेले नव्हते. लेस्बॉसजवळच्या अर्गिनुसी बेटांपाशी त्यांनी स्पार्टाचं आरमार फोडून काढलं होतं. आपलं आरमार बांधताना शहराने देवळातल्या सोन्याच्या मूर्ती वितळवल्या होत्या. माणसं कमी पडली म्हणून गुलामांनाही वल्ह्यांवर बसवलं होतं. स्पार्टाच्या बाजूची सत्तरच्या आसपास जहाजं गेली, अथेन्सची २५. पण लढाई संपता संपता वादळ सुटलं आणि फुटक्या फळ्यांना धरून तरंगणाऱ्या आपल्याच खलाशांपर्यंत कोणी पोचू शकलं नाही. प्रेतंही हाती लागली नाहीत. एका जहाजावर सुमारे २०० माणसं असत. २५ जहाजांचा हिशेब त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाने मनात केलेला होता.

नातेवाइकांना भेटायचा सण नुकताच होऊन गेला होता. घरोघरी जागा रिकाम्या दिसल्या होत्या. सभेत माणसं काळ्या कपड्यांत, डोकी भादरून आली. त्यातली कित्येक मुद्दाम तशी आणवली होती, खरे आप्त ती नव्हतीच, असं इतिहासकार झेनोफन लिहितो. खरी असोत की आणवलेली, सभेचा रंग त्यांनी ठरवला. कॅलिक्झेनस नावाच्या माणसाने ठराव मांडला: चर्चा पुरे, सगळ्या सेनापतींचा निकाल एकाच मतदानात लावा, दोषी ठरले तर देहदंड.

हे कायद्याला धरून नव्हतं. प्रत्येक आरोपीची चौकशी स्वतंत्र व्हायला हवी होती. युरिप्टोलेमसने उठून तसं सांगितलं आणि ठराव बेकायदा असल्याची फिर्याद लावायची तयारी दाखवली. तेव्हा फिर्याद मागे घेतली नाही तर त्यालाही सेनापतींच्याच रांगेत उभं करू, अशी सूचना आली. लोकांना जे करायचं ते करू न देणं हाच अनर्थ, असा गलका झाला. युरिप्टोलेमसने फिर्याद मागे घेतली. सभेचं कामकाज चालवणाऱ्या पन्नास जणांपैकी काहींनी आधी ठराव मताला टाकायला नकार दिला होता. त्यांनाही तीच धमकी मिळाली, आणि एकेक जण मागे सरला.

एक जण सरला नाही. पाथरवट सोफ्रोनिस्कसचा मुलगा, वय साठीच्या पुढे, नाव सॉक्रेटिस. कायद्याविरुद्ध काहीही करणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. झेनोफन दुसऱ्या एका ग्रंथात सांगतो की त्या दिवशी सभेचा अध्यक्षही तोच होता.

तो त्या जागी आला कसा, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याने कोणाची मतं मागितली नव्हती. त्याच्या मागे पक्ष नव्हता, पैसा नव्हता. त्याच्या गावठाणातून पाचशेंच्या मंडळासाठी सोडत निघाली, त्याच्या वाट्याला पांढरा दाणा आला आणि तो वर्षभरासाठी शहराच्या कारभारात बसला.

दाणा म्हणजे खरोखरीचा दाणा. आपल्या पावट्यासारख्या एका शेंगेतला, काळा किंवा पांढरा. जुन्या ग्रीक लेखनात या मंडळाला दाण्याने निवडलेलं मंडळ असंच म्हटलेलं सापडतं. इ. स. पू. ५०८च्या सुमारास क्लेइस्थेनीसने अथेन्सची नवी घडी बसवली तेव्हा नागरिकांचे दहा गण केले आणि गावं, पेठा, बंदराकडच्या वस्त्या मिळून १३९ स्थानिक घटक या दहांत वाटले. प्रत्येक गणाकडून ५० असे मिळून ५०० जण. मोठ्या गावाला जास्त जागा, लहानाला एखादीच. कोळसा पाडणाऱ्यांचं अखार्ने हे गाव मोठं, त्याच्या वाट्याला २२ जागा होत्या. या पाचशेंनी जनसभेपुढे जाणारे विषय तयार करायचे, आरमाराच्या बांधणीवर लक्ष ठेवायचं, परदेशच्या वकिलांच्या भेटी घ्यायच्या.

वर्षाचा दहावा हिस्सा एकेका गणाच्या पन्नासांची पाळी असे. पाळीवरचे पन्नास जण सरकारी खर्चाने चौकाजवळच्या एका गोल इमारतीत जेवत. त्यांच्यातून रोज संध्याकाळी सोडतीने एकाला दिवसाचं अध्यक्षपद मिळे, एक रात्र आणि एक दिवस. तेवढ्या वेळापुरत्या खजिन्याच्या आणि दफ्तराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, राज्याचा शिक्का त्याच्या हातात. जन्मात हा मान एकदाच. मंडळावर बसायचं तेही जन्मात दोनदाच. सगळे प्रौढ पुरुष नागरिक मिळून तिसेक हजारांच्या शहरात दर वर्षी साडेतीनशेवर माणसं एकेका दिवसाची राष्ट्रप्रमुख होऊन घरी परतत असत. शेजारच्या कुंभाराला, पलीकडच्या चांभाराला राज्याच्या किल्ल्या हातात धरल्याचं वजन ठाऊक असे.

आपल्याकडे महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरक्षणाची सोडत शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी काढून निघते. सभागृह गच्च भरलेलं असतं आणि चिठ्ठी उघडेपर्यंत सगळ्यांचे श्वास अडकलेले असतात. तिथे चिठ्ठीने जागा कोणत्या वर्गाला ते ठरतं, माणूस मात्र मतांनी ठरतो. अथेन्सने माणूसच चिठ्ठीवर सोडला. उलट मतदान हे त्यांना वरच्या थरातल्या लोकांचं साधन वाटे. नाव असलेला, पैसा असलेला, बोलका माणूसच मतं मिळवतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. ॲरिस्टॉटलने ‘राजनीती’त हे स्वच्छ नोंदवलं आहे: सोडत ही लोकशाहीची रीत मानली जाते आणि निवडणूक मूठभरांच्या राज्याची.

सॉक्रेटिसला स्वतःला ही पद्धत पटत नव्हती. जहाजाचा सुकाणूवाला किंवा सुतार कोणी दाणे टाकून नेमत नाही, मग राज्य चालवणारे कसे नेमता, असं तो शिष्यांना विचारी, असा त्याच्यावर आरोपही झाला. प्रश्न बिनतोड वाटतो. पण अथेन्सचा व्यवहार त्याला उत्तर देतो. सुकाणूवाल्याची जागा तिथे सोडतीवर सोडलेलीच नव्हती. सेनापती मतांनी निवडले जात आणि पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकत. शहराच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारीही मतांनीच येई. ज्या कामाला कसब लागतं ते कसबी माणसाला दिलेलं होतं. सोडत होती ती निकाल देण्याच्या, हिशेब तपासण्याच्या, आज कोणता विषय सभेपुढे ठेवायचा हे ठरवण्याच्या कामाला. या कामांत कसबापेक्षा माणूस कोणाच्या दावणीला बांधलेला नाही हे जास्त मोलाचं. त्या दिवशी टेकडीवर हेच दिसलं. सॉक्रेटिसला पुढच्या निवडणुकीची चिंता नव्हती, कारण त्याच्यासाठी पुढची निवडणूकच नव्हती. अर्थात तेवढ्याने माणूस धीट होत नाही. बाकीचे ४९ जणही दाण्यानेच आलेले होते.

सभेत युरिप्टोलेमसची पर्यायी सूचना, म्हणजे स्वतंत्र खटल्यांची, आधी हात वर करून मंजूर झाली होती. मग हरकत आली, पुन्हा मत घेतलं आणि निकाल फिरला. सहाही सेनापतींना मारलं. त्यात थोर नेता पेरिक्लीसचा मुलगा होता, बापाचंच नाव लावणारा. थोड्याच काळात अथेन्सला पश्चात्ताप झाला आणि लोकांना फसवल्याबद्दल कॅलिक्झेनसवर खटला भरायचं ठरलं. तो पळाला, पुढे परतला, आणि सगळ्यांच्या तिरस्कारात उपाशी मेला. पण जाणकार सेनापती आता फार थोडे उरले होते. पुढच्याच वर्षी इगोस्पोटामीला उरलंसुरलं आरमार गेलं. ४०४ मध्ये शहराने शरणागती पत्करली, तटबंदी पाडली गेली आणि स्पार्टाच्या आश्रयाने तीस जणांचं राज्य आलं. त्यांनी काही महिन्यांत दीड हजारांच्या आसपास माणसं मारली.

४०३ मध्ये लोकशाही परत आली. इथून पुढचा भाग शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येतो. सूड घेतला गेला नाही. मोजके लोक सोडून सर्वांना माफी दिली आणि तशा शपथा घेतल्या. मग अथेन्सने स्वतःकडे पाहिलं. सभा एका दुपारी भडकते आणि कायदा गुंडाळून ठेवते, हे त्यांनी स्वतःच केलं होतं. म्हणून त्यांनी एक भेद पक्का केला. जनसभेचा तो ठराव, सर्वांना कायम लागू असणारा तो कायदा, आणि कोणताही ठराव कायद्याला डावलू शकणार नाही. कायदे करण्याचं काम त्यांनी सभेकडून काढून घेतलं आणि नोमोथेटाई, म्हणजे कायदेकर्ते, या वेगळ्या मंडळाकडे दिलं.

हे कायदेकर्ते कोण? दर वर्षी तिशी ओलांडलेल्या इच्छुक नागरिकांतून सोडतीने सहा हजार जण निवडले जात. दोन्ही बाजू सारख्याच कानांनी ऐकीन, अशी ते शपथ घेत. न्यायालयात पंच म्हणून बसत ते हेच. कायदा करायची वेळ आली की याच शपथबद्ध लोकांतून काही शे, कधी हजारावर माणसं त्या कामापुरती बसवली जात. बहुतेक अभ्यासकांच्या मते तीही सोडतीनेच. डेमोस्थेनीसच्या एका भाषणाच्या संहितेत एका प्रसंगी १००१ जणांचं मंडळ नेमल्याचा ठराव आहे.

त्यांची कामाची रीत मला फार विचारपूर्वक बेतलेली वाटते. कायद्याचा मसुदा कोणाही नागरिकाने आणावा, पण तो आधी दहा गणांना ज्यांची नावं होती त्या वीरांच्या चौकातल्या पुतळ्यांपाशी पांढऱ्या फळ्यांवर लिहून लावावा, म्हणजे येणारा जाणारा वाचेल. नवा कायदा जुन्याच्या आड येत असेल तर त्या जुन्या कायद्याचं नाव घेऊन तो रद्द करायचीही मागणी करावी. दोन परस्परविरोधी कायदे राहता कामा नयेत. आणि जुन्या कायद्याची बाजू मांडायला जनसभा वकील निवडून देई. कायदा बदलणं म्हणजे जुन्या कायद्यावर खटला चालवणं, आणि आरोपीला वकील हवाच. मंडळ ऐकून घेई, मत देई आणि पांगे. संध्याकाळी ही माणसं आपापल्या घरी. उद्या ज्याला लाच द्यावी, धमकी द्यावी, असा कायदेकर्ता कोणी उरतच नसे.

या मंडळाने केलेले काही कायदे दगडावर कोरलेले मिळाले आहेत. १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारात निकोफोनचा कायदा सापडला, इ. स. पू. ३७५-७४ मधला. विषय खोट्या नाण्यांचा. बाजारात एक सरकारी गुलाम नाणी पारखायला बसे. त्याने खरं ठरवलेलं अथेन्सचं चांदीचं नाणं कोणी नाकारलं तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. पारख्याने स्वतः कामात कुचराई केली तर ५० फटके. कायदा रुक्ष आहे, नेमका आहे, बाजारात उभं राहिलेल्या माणसाला कळेल असा आहे. सुरुवातीलाच लिहिलं आहे की हा निर्णय कायदेकर्त्यांचा. दुसरा दगड १९५२ मध्ये मिळाला, युक्राटीसचा, इ. स. पू. ३३७-३६ मधला. लोकशाही उलथवणाऱ्याला कोणी मारलं तर मारणारा निर्दोष, असं तो सांगतो. वर शिल्प आहे. एक बाई, म्हणजे लोकशाही, आसनावर बसलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या, म्हणजे जनतेच्या, डोक्यावर मुकुट ठेवते आहे.

सोडत काढायचे दगडही सापडले, पण ते ओळखायला वेळ लागला. १८९१ मध्ये ब्रिटिश म्युझियमने एक पपायरस छापून काढला. इजिप्तमधल्या एका शेताच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर कोणीतरी ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेचा ग्रंथ उतरवून घेतला होता. शेवटच्या प्रकरणांत सोडतीचं बारीक वर्णन होतं आणि ‘क्लेरोटेरियॉन’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ सोडतीची खोली असा केला. मग १९३०च्या दशकात बाजाराच्या उत्खननात खाचांच्या रांगा कोरलेल्या उभ्या शिळा मिळाल्या, आणि स्टर्लिंग डाऊ या अभ्यासकाने दाखवून दिलं की खोली नव्हे, यंत्र तेच हे.

यंत्र असं. पुरुषभर उंचीची शिळा, तिच्यावर उभ्या स्तंभांत अरुंद खाचा. प्रत्येक पंचाकडे आपल्या नावाची पट्टी, तिच्यावर बापाचं नाव, गाव आणि एक अक्षर. पहाटे न्यायालयाच्या दाराशी येऊन पट्टी आपल्या अक्षराच्या पेटीत टाकायची. पेटी हलवून अधिकारी प्रत्येक पेटीतून एकच पट्टी काढी. ज्याची निघेल त्याने उरलेल्या पट्ट्या त्या अक्षराच्या स्तंभातल्या खाचांत लावायच्या. म्हणजे पट्ट्या लावणारा हातही सोडतीतूनच आलेला. शिळेच्या कडेला एक नळी. तिच्यात वरून काळे-पांढरे गोटे ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा आला तर एक अख्खी आडवी ओळ आत, काळा आला तर अख्खी ओळ घरी. निवडलेल्याने मग एका भांड्यातून अक्षर कोरलेला गोटा उचलायचा. त्यावरून तो कोणत्या न्यायालयात बसणार ते ठरे. त्याला त्या न्यायालयाच्या रंगाची काठी मिळे. रंग दाराच्या चौकटीवरही असे, म्हणजे चुकून किंवा मुद्दामही दुसरीकडे जाता येऊ नये. कोणता खटला कोणापुढे हे सकाळपर्यंत कोणालाच, खुद्द निवडल्या जाणाऱ्यालाही, ठाऊक नसे.

इतका खटाटोप का, याचंही उत्तर तोच ग्रंथ देतो. ॲनिटस नावाच्या सेनापतीवर पायलॉस हे ठाणं हातचं घालवल्याबद्दल खटला झाला, तेव्हा त्याने पंचांना लाच देऊन सुटका करून घेतली आणि ही वाट त्यानेच पहिल्यांदा पाडली. लाच द्यायला नावं आधी कळावी लागतात. ती कळूच नयेत म्हणून ही शिळा उभी राहिली. याच ॲनिटसने इ. स. पू. ३९९ मध्ये इतर दोघांबरोबर सॉक्रेटिसवर फिर्याद लावली. तिचा निकाल देणारे सुमारे पाचशे पंचही सोडतीने नेमलेले होते. सॉक्रेटिस त्यांच्यापुढे अर्गिनुसीची आठवण सांगून गेला, असं प्लेटो लिहितो. त्यांनी त्याला दोषी ठरवलं. सोडतीची बाजू घेणाऱ्याने हा निकाल लपवू नये. पाचशे जण दाण्याने आले म्हणून शहाणे ठरत नाहीत.

आणि दाणा फक्त नागरिक पुरुषांच्या पेटीत होता. बायका नाहीत, शहरात पिढ्यान् पिढ्या राहणारे परके नाहीत, गुलाम नाहीत. बाजारात नाणी पारखणाऱ्या ज्या माणसाच्या डोळ्यांवर शहराचा व्यापार चाले, त्याच्या नावाची पट्टी कोणत्याही खाचेत लागणार नव्हती. अथेन्सबद्दल आदराने लिहिताना हे दर वेळी लिहिलं पाहिजे. पण जेवढ्यांना माणसात धरलं होतं तेवढ्यांच्या बाबतीत गरीब-श्रीमंत असा भेद त्या शिळेने केला नाही, आणि कामाला येणाऱ्या गरिबाचा रोज बुडू नये म्हणून शहराने त्याला भत्ताही दिला. मंडळाचा, न्यायालयाचा, आणि ४०३ नंतर जनसभेचाही.

ही व्यवस्था आतून कोसळली नाही. ४०३ पासून ऐंशी वर्षं ती सलग चालली. इ. स. पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने अथेन्सचा पराभव केला, बंदरात आपली फौज ठेवली आणि हुकूम काढला की दोन हजार द्राख्मांची मालमत्ता असेल त्यालाच राजकीय हक्क. ९,००० लोक उरले. बाकीचे, शहरातले बहुसंख्य गरीब, एका हुकमासरशी वगळले गेले.

सोडतीच्या त्या पट्ट्या ॲरिस्टॉटलच्या काळी लाकडाच्या होत्या. त्या कुजून गेल्या. त्याआधीच्या काशाच्या होत्या, बोटभर रुंद, वीतभराहून आखूड. त्यातल्या काही आज संग्रहालयांत आहेत. कित्येकींवर आधीचं नाव ठोकून बुजवून दुसरं घातलेलं दिसतं. ज्या अखंड मिळाल्या त्यांतल्या बऱ्याचशा थडग्यांत सापडल्या, मालकाच्या शेजारी ठेवलेल्या.